फ्रिज घ्यायचाय? आधी मॉडेल नंबर, मग किंमत

फ्रिज घ्यायचा म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, "कितीला पडेल?" मग कुणीतरी मोबाईल उघडतं, 'बेस्ट फ्रिज' असं टाकतं आणि समोर एकासारखे एक शंभर फ्रिज उभे राहतात. प्रत्येकावर खोडलेली मोठी किंमत, शेजारी छोटी किंमत आणि लाल अक्षरांत 'मर्यादित वेळ'. अर्ध्या तासात डोकं भणभणतं आणि शेवटी शेजाऱ्यांकडे आहे तोच घेऊन मोकळं व्हावंसं वाटतं.

हा लेख अशांसाठी आहे ज्यांनी ऑनलाइन खरेदी फारशी केलेली नाही, किंवा केली असली तरी साडी-चपलांपुरतीच. उदाहरण फ्रिजचं घेतलंय, कारण एकदा घेतला की दहा-बारा वर्षं तो घरात राहतो. वॉशिंग मशीन, टीव्ही, गिझर यांनाही हीच रीत लागू पडते. आणि ऑनलाइन चौकशी केली म्हणजे ऑनलाइनच घ्यायला हवं असं काही नाही. चौकशी मोबाईलवर करून खरेदी गावातल्या दुकानात करणं हा पुष्कळदा सगळ्यात शहाणा मार्ग ठरतो. तो हिशेबही पुढे येईलच.

आधी टेप, मग मोबाईल

चौकशीला बसण्याआधी स्वयंपाकघरात मोजमाप घ्या. फ्रिज जिथे ठेवायचा त्या जागेची रुंदी, उंची, खोली तर हवीच; त्याशिवाय घराचा दरवाजा, जिन्याचं वळण आणि लिफ्टचं दारही मोजा. जुन्या इमारतींत फ्रिज दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकतो आणि हमाल वर बघत उभे राहतात, हे दृश्य नवीन नाही. फ्रिजच्या मागे आणि बाजूला हवा खेळायला जागा लागते. किती, ते त्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. दार कोणत्या बाजूला उघडतं तेही बघा. ओट्याच्या कोपऱ्यात उजवीकडे भिंत असेल तर दार अर्धंच उघडतं आणि भाजीचा कप्पा बाहेरच येत नाही.

मग एका कागदावर तीन गोष्टी लिहा: किती लिटर, सिंगल डोअर की डबल डोअर, आणि जास्तीत जास्त किती पैसे. तीन-चार माणसांच्या घरात साधारण 190 ते 260 लिटरमध्ये बहुतेकांचं भागतं. सिंगल डोअर फ्रिज बहुधा 'डायरेक्ट कूल' असतो, म्हणजे बर्फ साचतो आणि तो अधूनमधून वितळवावा लागतो. डबल डोअर 'फ्रॉस्ट फ्री' असतो, तिथे ही कटकट नाही. पण किंमत आणि वीज दोन्ही जास्त. बाकी दारावर पाण्याचा नळ, मोबाईलला जोडायची सोय वगैरे गोष्टी दुकानात छान दिसतात. घरात त्या किती दिवस वापरल्या जातात ते ज्याचं त्याने ठरवावं. माझं मत विचाराल तर पहिल्या महिन्यानंतर कुणी बघत नाही.

कागदावरची ही तीन वाक्यं सोडायची नाहीत. संकेतस्थळ तुम्हाला '2,000 रुपये जास्त घाला आणि मोठा घ्या' असं दर दोन मिनिटांनी सांगणार आहे.

मॉडेल नंबर गाठा

खरी गोम इथे आहे. 'अमुक कंपनीचा 240 लिटरचा फ्रिज' असं म्हणून किमतीची तुलना होत नाही. एकाच कंपनीचे 240 लिटरच्या आसपासचे पाच-सहा फ्रिज एकाच वेळी बाजारात असतात. कुणी दोन स्टारचा, कुणी तीन. कुणात इन्व्हर्टर कॉम्प्रेसर (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा), कुणात साधा. कुणी गेल्या वर्षीचा. वरून सगळे सारखेच दिसतात.

प्रत्येक फ्रिजला अक्षरं आणि आकडे मिळून एक लांबलचक मॉडेल नंबर असतो. संकेतस्थळावर वस्तूच्या पानावर खाली सरकत गेलात की 'तांत्रिक माहिती' किंवा 'स्पेसिफिकेशन्स' या तक्त्यात तो सापडतो. तो जसाच्या तसा कागदावर उतरवून घ्या, शेवटचं अक्षरसुद्धा सोडू नका. शेवटची एक-दोन अक्षरं कधी फक्त रंग सांगतात, कधी स्टार किंवा वर्ष. रंगाचाच फरक असेल तर हरकत नाही. स्टारचा असेल तर ती वस्तूच वेगळी.

आता हा नंबर गुगलमध्ये टाका. आधी कंपनीचं स्वतःचं संकेतस्थळ उघडा आणि तिथली माहिती विक्रेत्याच्या पानावरच्या माहितीशी ताडून बघा. फ्रिजचे लिटर, वर्षाला लागणारी विजेची युनिटं, वॉरंटी या तिन्हीत तफावत दिसली तर कंपनीचं खरं धरा. मॉडेल कंपनीच्या संकेतस्थळावर सापडलंच नाही, तर एकतर ते जुनं होऊन बंद झालंय किंवा ते एखाद्याच संकेतस्थळासाठी वेगळ्या नंबरने काढलेलं आहे. अशा 'खास' मॉडेलची तुलना करायला दुसरं दुकानच नसतं, आणि त्याचा फायदा विकणाऱ्याला होतो. मी अशा मॉडेलच्या वाटेला सहसा जात नाही.

दोन-तीन मॉडेल निवडून थांबा. दहा मॉडेलांची यादी करून कुणाचंच भलं होत नाही.

स्टार नाही, युनिट मोजा

फ्रिजवर जे स्टारचं लेबल असतं ते ऊर्जा दक्षता ब्यूरो या केंद्र सरकारच्या संस्थेचं. लोक स्टार मोजतात आणि पुढे जातात. पण त्या लेबलवर त्याहून कामाची माहिती आहे: वर्षाला किती युनिट वीज लागेल तो आकडा आणि लेबल कोणत्या काळासाठी लागू आहे ते. स्टारचे निकष काही वर्षांनी कडक केले जातात. म्हणजे जुन्या निकषातला चार स्टार फ्रिज नव्या निकषात तीनवर येऊ शकतो, फ्रिज मात्र तोच. दुकानात पडून राहिलेल्या मालाच्या बाबतीत हे नेमकं लक्षात ठेवावं. युनिटचा आकडा सहसा असा बदलत नाही. तुलना त्याचीच करा. ब्यूरोच्या संकेतस्थळावर मॉडेलनुसार हा आकडा शोधता येतो.

आता हा आकडा रुपयांत आणू. तुमचं विजेचं शेवटचं बिल घ्या आणि एकूण रकमेला वापरलेल्या युनिटने भागा. स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क, इंधन समायोजन असं सगळं धरून तुम्हाला एक युनिट खरोखर कितीला पडतं ते कळेल. समजा ते 11 रुपये निघालं. एक फ्रिज वर्षाला 225 युनिट खातो, दुसरा 185. फरक 40 युनिटांचा, म्हणजे वर्षाला 440 रुपये. दुसरा फ्रिज 2,500 रुपयांनी महाग असेल तर जास्तीचे पैसे सहा वर्षांच्या आत वसूल होतात आणि पुढची वर्षं फायद्याची. पण तोच 6,000 रुपयांनी महाग असेल तर तेरा-चौदा वर्षं लागतील. तेवढ्यात नवा फ्रिज घ्यायची वेळ येईल. म्हणून 'पाच स्टारच घ्या' हा सल्ला डोळे मिटून मानू नये.

लिटरच्या बाबतीतही एक बारकावा आहे. जाहिरातीतला आकडा बहुधा एकूण घनफळाचा असतो. प्रत्यक्ष सामान ठेवायला मिळते ती जागा त्याहून कमी. लेबलवर किंवा तांत्रिक तक्त्यात दोन्ही आकडे मिळाले तर दुसरा बघा.

गावाकडे व्होल्टेज वरखाली होत असेल तर 'स्टॅबिलायझरशिवाय चालतो' या वाक्यावर थांबू नका. किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो ते तक्त्यात लिहिलेलं असतं. तो पट्टा तुमच्या घरच्या विजेला पुरत नसेल तर स्टॅबिलायझरचे पैसे आत्ताच हिशेबात धरा.

किंमत कुठे कुठे बघायची

मॉडेल नंबर हातात आहे, आता किमती गोळा करू. ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट ही दोन सगळ्यांना माहीत आहेत. त्याशिवाय क्रोमा, रिलायन्स डिजिटल, विजय सेल्स यांची संकेतस्थळं बघा. त्यांची दुकानंही असल्यामुळे फ्रिज हात लावून बघता येतो. कंपन्यांची स्वतःची संकेतस्थळंही हल्ली थेट विक्री करतात आणि तिथे कधी कधी अनपेक्षित कूपन मिळतं. गुगलच्या 'शॉपिंग' या टॅबमध्ये नंबर टाकला तर अनेक ठिकाणच्या किमती एकत्र दिसतात, पण तिथली किंमत शिळी असू शकते. प्रत्यक्ष पान उघडून खात्री करावी.

शोधाच्या निकालात वरच्या काही वस्तूंवर बारीक अक्षरांत 'स्पॉन्सर्ड' किंवा 'प्रायोजित' असं असतं. म्हणजे वरच्या जागेसाठी विक्रेत्याने पैसे मोजलेत. ती वस्तू चांगली आहे असा त्याचा अर्थ नाही. सरळ खाली उतरा.

सगळ्यात आधी तुमचा पिनकोड टाका. पिनकोड न टाकता दिसणारी किंमत मुंबई-पुण्याच्या भरवशावर दाखवलेली असू शकते. सावंतवाडी किंवा सिरोंचाचा पिनकोड टाकला की कधी विक्रेता बदलतो, कधी पोचवायचा खर्च वाढतो, तर कधी 'या ठिकाणी उपलब्ध नाही' असं येतं. तासभर तुलना केल्यावर हे कळण्यापेक्षा आधीच कळलेलं बरं.

खोडलेल्या किमतीबद्दल थोडं सविस्तर. ती खोडलेली रक्कम म्हणजे बहुधा एमआरपी, सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत. तिच्यापेक्षा जास्त पैसे घेणं बेकायदा आहे. पण ती किती ठेवायची हे कंपनी ठरवते आणि घरगुती उपकरणांच्या बाबतीत त्या किमतीला क्वचितच कुणी विकतं. म्हणून '38 टक्के सूट' या आकड्याला फारसा अर्थ नाही. एमआरपी 40,000 ठेवून 25,000 ला विकलं तर सूट 37.5 टक्के दिसते. तीच वस्तू 30,000 एमआरपी ठेवून 25,000 ला विकली तर सूट सतराच टक्के. खिशातून दोन्ही वेळी 25,000 च जातात. टक्के बघणं सोडून द्या, रक्कम बघा.

मग आजची रक्कम कमी की जास्त हे कसं ओळखायचं? त्यासाठी किमतीचा इतिहास बघायची सोय आहे. ॲमेझॉनवरच्या वस्तूंसाठी कीपा, आणि आपल्याकडच्या बऱ्याच संकेतस्थळांसाठी बायहटके. वस्तूची लिंक तिथे चिकटवली की गेल्या काही महिन्यांतल्या किमतीचा आलेख दिसतो. आलेखात खालचा तळ कुठे आहे आणि तो कितीदा आलाय हे बघा. एखादी किंमत वर्षात एकदाच, काही तासांपुरती खाली आली असेल तर तिची वाट बघण्यात अर्थ नाही. दर दीड-दोन महिन्यांनी येत असेल तर थांबायला हरकत नाही. हीच साधनं ब्राउझरमध्ये एक्सटेंशन म्हणून, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम म्हणूनही बसवता येतात, पण एक्सटेंशनला तुम्ही उघडता ती पानं वाचायची परवानगी द्यावी लागते. मी लिंक चिकटवण्यावरच भागवतो.

सणाच्या मुहूर्ताबद्दल म्हणाल तर मोठे सेल गणपती ते दिवाळी या काळात आणि 26 जानेवारी, 15 ऑगस्टच्या आसपास लागतात. दुकानांत पाडवा आणि अक्षय्य तृतीयेलाही योजना असतात. पण सेल लागायच्या आधीच्या आठवड्यात किंमत हळूच वर चढवून मग 'उतरवल्याचं' आलेखात साफ दिसतं. मे महिन्यात फ्रिज बंद पडला तर सेलची वाट बघण्यात काही हशील नाही, हेही आहेच.

पडद्यावरची किंमत आणि दारातली किंमत

आता कागदावर एक तक्ता आखा. समजा एकाच मॉडेलच्या तीन किमती मिळाल्या: पहिल्या संकेतस्थळावर 26,490, दुसऱ्यावर 25,490 आणि चौकातल्या दुकानदाराने सांगितले 27,500. पडद्यावर बघून कुणीही दुसऱ्यावर बोट ठेवेल. आता पुढचा हिशेब बघा.

पहिल्या ठिकाणी तुमच्या बँकेच्या कार्डावर 10 टक्के सूट आहे, पण 'कमाल 1,500' अशी बारीक ओळ आहे. म्हणजे 2,649 नव्हे, 1,500 च कमी होतात: 24,990. फ्रिजखालचा स्टँड 600, तिसऱ्या मजल्यावर चढवायची हमाली 300. जुना फ्रिज भंगारवाल्याला 800 ला गेला. पडले 25,090.

दुसऱ्या ठिकाणी कार्डाची सूट नाही. शेवटच्या पानावर 'हाताळणी शुल्क' म्हणून 99 वाढले. स्टँड 600, हमाली 300. जुना फ्रिज देण्याची सोय आहे, '3,000 पर्यंत' असं लिहिलंय, पण तुमच्या फ्रिजचे लिटर आणि वय टाकल्यावर 1,200 निघाले. पडले 25,289.

दुकानदाराला पहिल्या संकेतस्थळाचा आकडा दाखवला, घासाघीस झाली आणि तो 25,800 वर आला. स्टँड आणि वर चढवणं त्यातच. जुन्या फ्रिजचे 1,000 धरले. पडले 24,800.

सुरुवातीला सगळ्यात महाग वाटला तोच शेवटी सगळ्यात स्वस्त पडला. दर वेळी असं होईलच असं नाही, कित्येकदा ऑनलाइनच स्वस्त पडतं. पण हा तक्ता आखल्याशिवाय ते कळत नाही. दुकानदाराशी बोलताना एक पथ्य पाळा: मोबाईलवरचा तोच मॉडेल नंबर दाखवा आणि कार्डाची सूट वजा न करता जी किंमत आहे ती सांगा. त्याला बाजारभाव आपल्यापेक्षा चांगला ठाऊक असतो. उगाच फेकलेला आकडा त्याला लगेच कळतो आणि बोलणं तिथेच संपतं.

पैसे भरायच्या शेवटच्या पानावर एकदा सगळ्या ओळी सावकाश वाचा. तुम्ही न मागता आधीच टिक केलेली जादा वॉरंटी, विमा, देणगी अशा गोष्टी तिथे घुसलेल्या असतात. 'फक्त 2 शिल्लक', 'आत्ता 47 जण बघत आहेत' अशी खोटी घाई आणि शेवटी हळूच वाढणारी शुल्कं, या प्रकारांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत 'डार्क पॅटर्न' म्हणून मनाई केली आहे. असे 13 प्रकार त्यात दिले आहेत. मनाई झाली म्हणून ते बंद झाले असं समजू नका.

बिनव्याजी हप्ते

'नो कॉस्ट ईएमआय' म्हणजे खरोखर बिनखर्चाचे हप्ते नव्हेत. बँक व्याज घेतेच. विक्रेता तेवढी रक्कम आधी किमतीतून वजा करून देतो, इतकंच. समजा 24,000 चा फ्रिज सहा महिन्यांच्या हप्त्याने घेतला, महिन्याला 4,000. बँकेचा दर वर्षाला 15 टक्के असेल तर त्या सहा हप्त्यांत साधारण 1,016 रुपये व्याज असतं. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 183 रुपये, तुमच्या कार्डावर वेगळे लागतात. प्रक्रिया शुल्क 199 असेल तर त्यावरच्या जीएसटीसह ते 235 होतात. मिळून सव्वाचारशेच्या घरात. ही काही लुबाडणूक नाही, सोय हवी असेल तर जरूर घ्यावी. पण एकरकमी पैसे देणाऱ्याला त्याच वस्तूवर वेगळी सूट मिळते का, ते आधी बघावं. ती मिळत असेल तर हप्ता तेवढ्याने आणखी महाग पडतो.

रिव्ह्यू वाचायची पद्धत

चार पूर्णांक दोन, चार पूर्णांक तीन अशा सरासरीवरून फारसं काही कळत नाही, कारण एकाच पानावर 190 लिटर, 240 लिटर, निळा, लाल अशा सगळ्यांचे रिव्ह्यू एकत्र मोजलेले असतात. रिव्ह्यूच्या वर बारीक अक्षरांत कोणत्या आकाराचा फ्रिज ते लिहिलेलं असतं. तुमचा तोच का ते बघा. क्रम 'अलीकडचे आधी' असा लावा. मग तीन आणि दोन स्टारवाले वाचा. पाच स्टारवाले बहुतेक फ्रिज आल्याच्या दिवशी लिहितात: 'पॅकिंग छान, रंग सुंदर'. एक स्टारवाल्यांचा राग पुष्कळदा पोचवणाऱ्यावर असतो. मधले लोक मात्र सहा महिने वापरून लिहितात. आणि त्यातही एकच तक्रार वेगवेगळ्या लोकांकडून येते का तेवढं टिपा. 'भाजीच्या कप्प्यात पाणी साचतं' असं पाच जणांनी लिहिलं असेल तर ते तुमच्याकडेही साचणार.

खोट्या रिव्ह्यूंना आळा बसावा म्हणून भारतीय मानक ब्यूरोने 2022 मध्ये आयएस 19000 हे मानक आणलं, पण ते पाळणं ऐच्छिक आहे. त्यामुळे एकाच दिवशी, एकाच धाटणीची, कौतुकाने ओथंबलेली वाक्यं दिसली तर ती सोडून द्यावीत.

यूट्यूबवर मराठीतही फ्रिजची चांगली ओळख करून देणारे लोक आहेत. आतला भाग, कप्प्यांची खोली, आवाज या गोष्टी फोटोपेक्षा तिथे नीट दिसतात. मात्र व्हिडिओखाली 'इथून खरेदी करा' अशी लिंक असेल तर विक्रीवर त्याला कमिशन असू शकतं हे ध्यानात ठेवून ऐकावं. दोष एकही न सांगणारा व्हिडिओ मी अर्ध्यातच बंद करतो.

संकेतस्थळांइतकाच कामाचा प्रश्न म्हणजे तुमच्या तालुक्यात त्या कंपनीचा दुरुस्तीवाला आहे का. कंपनीच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकून सेवा केंद्र शोधा, आणि गल्लीतल्या फ्रिज दुरुस्त करणाऱ्याला विचारा, "कुणाचे सुटे भाग लगेच मिळतात?" त्याचं उत्तर शंभर रिव्ह्यूंच्या तोडीचं असतं.

वॉरंटीचं वाक्यही पूर्ण वाचा. 'दहा वर्षं वॉरंटी' ही सहसा फक्त कॉम्प्रेसरची असते, बाकी फ्रिजची एकच वर्ष. पाचव्या वर्षी कॉम्प्रेसर गेला तर तो भाग फुकट मिळेल, पण गॅस भरणं, मजुरी, येण्याजाण्याचा आकार बहुधा तुमच्याकडून घेतला जातो.

विकतंय कोण?

मोठ्या संकेतस्थळावर वस्तू असली तरी विकणारा वेगळाच असतो. किमतीच्या आसपास 'सोल्ड बाय' म्हणून त्याचं नाव असतं. त्यावर टिचकी मारा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे विक्रेत्याचं नाव-पत्ता, वस्तू कोणत्या देशात बनली, परत घेण्याच्या अटी आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क दाखवणं बंधनकारक आहे. हे काहीच सापडत नसेल तर पुढे जाऊ नका. मोठ्या उपकरणांत 'पैसे परत' मिळत नाहीत, तंत्रज्ञ येऊन बघतो आणि दोष असला तरच बदलून मिळतं, असं पुष्कळ ठिकाणी असतं. पत्त्यावर आलेला फ्रिज 'आवडला नाही' म्हणून परत जाणार नाही असं धरूनच चाला.

अनोळखी संकेतस्थळावर तोच फ्रिज 9,999 ला दिसला तर? पत्त्याच्या पट्टीत नावाचं स्पेलिंग अक्षर न अक्षर वाचा. शेजारी कुलुपाचं चिन्ह आहे म्हणून विश्वास ठेवू नका. माहिती वाटेत कुणी वाचू शकत नाही एवढाच त्याचा अर्थ, पलीकडे बसलेला प्रामाणिक आहे असा नाही. संकेतस्थळावर जीएसटी क्रमांक असेल तर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर 'करदाता शोधा' इथे तो टाकून बघता येतो. क्रमांक पंधरा अक्षर-आकड्यांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्राचे 27, गोव्याचे 30. पत्ता नागपूरचा आणि क्रमांक दुसऱ्याच राज्याचा असेल तर शंकेला जागा आहे.

ग्राहक सेवेचा नंबर गुगलवर शोधून फोन लावण्याची सवय मोडा. तिथे भामट्यांनी टाकलेले नंबर सापडतात आणि पलीकडून 'पैसे परत करतो, हा ॲप टाका' असं सांगितलं जातं. नंबर फक्त कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा बिलावरून घ्या. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. फसलातच तर वेळ न घालवता 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. जितका लवकर, तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त.

फ्रिजऐवजी प्रेशर कुकर, इस्त्री किंवा गिझर घेत असाल तर आणखी एक काम करा. या वस्तूंवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, आणि चिन्हाजवळ 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकला की परवाना खरा आहे का ते दिसतं. मोठ्या संकेतस्थळावर आहे म्हणून प्रमाणित असणारच, असं नसतं. मानकात न बसणारे कुकर विकू दिल्याबद्दल 2022 मध्ये मोठ्या संकेतस्थळांना दंड झाला आहे.

माल दारात आल्यावर

मागवताना 'ओपन बॉक्स डिलिव्हरी'ची सोय असेल तर ती निवडा, म्हणजे पोचवणाऱ्यासमोरच खोकं उघडलं जातं. सोय नसेल तर खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा: आधी बाहेरचं लेबल, मग चारही बाजू, मग आतले कप्पे आणि काचा. पोचा, ओरखडा दिसला तर पावतीवर तसं लिहूनच सही करा. मागे किंवा आत चिकटवलेल्या पट्टीवरचा मॉडेल नंबर कागदावरच्या नंबराशी शेवटच्या अक्षरापर्यंत जुळतो का ते बघा, आणि बिलावरचा अनुक्रमांक पट्टीवरच्याशी. दुकानातून घेतला असला तरी जीएसटीचं पक्कं बिल घ्या. 'बिलाशिवाय हजार रुपये कमी' हे ऐकायला बरं वाटतं, पण वॉरंटी मागताना हात रिकामे राहतात.

फ्रिज लगेच चालू करू नका. आणताना आडवा झाला असेल तर उभा करून पुस्तिकेत सांगितलेले तास थांबा. पहिले काही दिवस तो कसा गार करतो, आवाज किती करतो यावर लक्ष ठेवा, कारण बदलून घ्यायची मुदत सहसा मोजक्या दिवसांचीच असते आणि ती फ्रिज पोचल्या दिवसापासून धावते. बिलाचा फोटो काढून मोबाईलमध्ये वेगळा ठेवा. छापील बिलावरची शाई दोन वर्षांत उडते.

काही बिनसलं तर आधी संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. 48 तासांत पोच देणं आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढणं त्याच्यावर बंधनकारक आहे. तिथे हालचाल झाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथे मराठीतही बोलता येतं. फोन लावताना ऑर्डर क्रमांक, बिल, व्हिडिओ आणि तक्रारीची पोच जवळ ठेवा. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही. अर्ज कसा लिहायचा हे कळत नसेल तर मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांकडे विचारावं.